साथ, सक्ती आणि लोकांचे मन

गेल्या आठवड्यात एक किराणा दुकानदार नेहमीप्रमाणे ब्लडप्रेशर तपासायला दवाखान्यात आले होते. त्यांचा-माझा वीस-बावीस वर्षांचा परिचय. बाहेरच्या बाकावर सर्दी-तापाचे बरेच पेशंट बसलेले होते, म्हणून मी सहज म्हणालो, "शेठ, एवढ्या खोकणाऱ्यांत बसायचं तर तोंडाला रुमाल तरी लावावा." ते हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता पुन्हा ते नको. ते सगळं उगाचच होतं हो. धंद्याची दोन वर्षं गेली, दुसरं काय झालं?"

मी काही बोललो नाही. दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरू लागलो. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी मीच लिहिली होती. क्षणभराने त्यांनाही ते आठवले असावे. खाली बघत ते म्हणाले, "धाकट्याचं वेगळं. त्याला बेड मिळाला नाही."

त्या दिवशी त्यांचे ब्लडप्रेशर नेहमीपेक्षा बरेच जास्त आले. दहा मिनिटे शांत बसवून मी ते पुन्हा मोजले.

वाचकहो, हे गृहस्थ बेजबाबदार नाहीत आणि कठोर मनाचे तर मुळीच नाहीत. त्यांच्या संमतीनेच हा प्रसंग लिहीत आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. साथ आली की निर्बंध येतात आणि त्या निर्बंधांविषयी लोकांचे मत सतत बदलत राहते. ते का बदलते, आणि त्याचा रोगाच्या फैलावाशी काय संबंध आहे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. या सदरात आपण शरीराची लक्षणे नेहमीच पाहतो. आज समाजाच्या मनाची लक्षणे पाहू.

एकाच माणसाची पाच मते

प्रथम आमच्या शेठजींचाच केसपेपर वाचू.

२२ मार्च २०२० च्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी सहकुटुंब गच्चीत उभे राहून थाळी वाजवली. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. शेठजींनी दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखली, दोरी बांधली, आणि मास्क नसलेल्या गिऱ्हाइकाला सामान देईनात. "आणखी कडक करा, पोलिसांनी फटके द्यायला पाहिजेत," असे ते मला फोनवर सांगत. हे पहिले मत.

टाळेबंदी १४ एप्रिलला संपायची होती. ती आधी ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत आणि पुढे ३१ मेपर्यंत वाढली. परप्रांतीय मजूर डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघालेले सर्वांनी पाहिले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. त्या दिवशी शेठजींचा सूर बदलला. "रोगापेक्षा औषध जालीम होतंय." हे दुसरे मत.

दिवाळी आली. १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी राज्यातील मंदिरे उघडली. रुग्ण कमी झाले होते. शेठजींचा मास्क नाकावरून हनुवटीवर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा "ते तिकडं" असे ते म्हणाले. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा दुकाने बंद करण्याचा आदेश निघाला. व्यापाऱ्यांच्या निषेधाच्या निवेदनावर त्यांची सही होती. हे तिसरे मत.

त्यानंतर दोन आठवड्यांत भाऊ गेला. मे महिन्यात लसीसाठी पहाटे पाच वाजता रांगेत उभ्या असलेल्या लोकांमध्ये मी त्यांना पाहिले. "काहीही करा, पण सगळं बंद ठेवा," असे ते म्हणत होते. हे चौथे.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले. दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. जुलै २०२२ मध्ये तिसरा डोस सरकारी केंद्रांवर प्रौढांना मोफत मिळू लागला. शेठजी गेले नाहीत. आणि आता पाचवे मत आपण वर वाचलेच.

यातले खरे मत कोणते? माझ्या मते पाचही खरी आहेत. प्रत्येक मत त्या त्या दिवशीच्या भीतीतून, खर्चातून आणि दुःखातून आलेले आहे.

स्वतःचाही केसपेपर

दुसऱ्याची नाडी धरणाऱ्याने स्वतःचीही पाहावी. टाळेबंदी लागली तेव्हा मी दवाखाना बारा दिवस बंद ठेवला. घरात वृद्ध मधुमेही आई होती आणि दुकानात धड मास्क मिळत नव्हता. ही कारणे खरी आहेत, पण त्या बारा दिवसांत दम्याच्या एक जुन्या पेशंट बंद दारावरून परत गेल्या. पुढे त्यांनीच मला सांगितले आणि वर म्हणाल्या, "तुमचंही खरंच होतं, डॉक्टर." त्यांच्या समजूतदारपणापुढे मला आजही संकोच वाटतो.

आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, लोकांना मास्कचे महत्त्व सांगणारा मीच, पुतण्याच्या लग्नात फोटोसाठी मास्क खिशात घातला आणि तो तास-दीड तास खिशातच राहिला. म्हणजे शेठजींच्या मनाचा आलेख आणि माझा आलेख यांत फरक होता तो अंशांचा.

सव्वाशे वर्षांपूर्वीची साथ

मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ सालचा होता, हे पुष्कळांना ठाऊक असेल. तो ज्या साथीसाठी झाला ती प्लेगची साथ. लोकांचे मन कसे फिरते याचा त्याहून मोठा धडा आपल्या इतिहासात दुसरा नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग्यांना ऑर्थर रोडच्या सरकारी रुग्णालयात नेऊ लागले. तिथे गेलेला माणूस परत येत नाही अशी अफवा पसरली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. मार्च २०२० मध्ये मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्ण तिथेच ठेवले होते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली प्लेग समिती नेमली गेली. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेत होत्या. बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात जाणे, बायकांची चारचौघांत तपासणी, सामान जाळणे, रोग्याला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेणे, असा तो प्रकार होता. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास शाळेतल्या मुलालाही माहीत आहे.

पण त्या काळातल्या आणखी काही गोष्टी आठवायला हव्यात. रोग्याला वेगळे ठेवावे याला लोकमान्य टिळकांचा विरोध नव्हता. त्यांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. त्यांचा राग होता तो अंमलबजावणीच्या रीतीवर. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंतच्या मदतीने प्लेगच्या रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे लोक रोग्याला टाळत होते, उपचार नको म्हणत होते, असे सरसकट म्हणता येणार नाही. रोगी शिपायाच्या हवाली करायला मात्र ते तयार नव्हते.

परिणाम काय झाला? घरोघर रोगी लपवले जाऊ लागले. माळ्यावर, कणग्यांमागे, नातेवाइकांच्या गावी. रोग लपला तो लपलेल्या जागेतून पुढे गेला. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली. त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. निरनिराळ्या जातीजमातींनी काढलेली रुग्णालये मान्य केली, स्थानिक वजनदार मंडळींना बरोबर घेतले.

आणि मग एक नवल घडले. माझी आजी लहानपणची हकीकत सांगत असे. घरात उंदीर पडला, म्हणजे मेलेला दिसला, की गावातील माणसे भांडीकुंडी, शेळ्या-गुरे घेऊन आपण होऊन माळावर जात, झोपड्या बांधून राहत आणि साथ ओसरली की घरी येत. पोलीस नव्हता, दंड नव्हता. छावणीत जायचे नाही म्हणून जिथे दंगली झाल्या, तिथल्याच पुढच्या पिढीने घर सोडून उघड्यावर राहण्याचा रिवाज केला. का? कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते की जे वेळेवर बाहेर पडले ते जगले.

शास्त्रही त्यांच्याच बाजूचे निघाले. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो. हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे रोग्याला फरफटत नेण्याचा फारसा उपयोग नव्हता, उंदरांचे घर सोडण्याचा मात्र होता. लोकांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता.

दोष फक्त आपल्या लोकांचा नाही

"आपल्याकडं शिस्तच नाही, परदेशात बघा," असे आपण फार पटकन म्हणतो. म्हणून एक परदेशचे उदाहरण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबरअखेर मास्क सक्तीचा केला. सुरुवातीला बहुतेकांनी तो अभिमानाने लावला. २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता भोंगे वाजवून सक्ती उठवली, तेव्हा लोकांनी रस्त्यावरच मास्क काढून फेकले. रुग्ण पुन्हा वाढले. जानेवारी १९१९ मध्ये तोच नियम पुन्हा लागू झाला, तर मास्कविरोधी संघ स्थापन झाला आणि त्याच्या सभा भरू लागल्या. फेब्रुवारीत सक्ती कायमची गेली.

शहर तेच, माणसे तीच, मास्कही तोच. मध्ये गेले होते जेमतेम दोन महिने. आमच्या शेठजींचा केसपेपर असा शंभर वर्षे आधी दुसऱ्या खंडात लिहिला गेला होता.

मन का बदलते?

टीबीचा पेशंट पाहिला की हे चटकन समजते. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. पहिल्या आठवड्यात पेशंट घाबरलेला असतो, गोळी चुकवत नाही. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमका तेव्हाच तो गोळ्या सोडतो. गुण आला म्हणून औषध नकोसे होते. निर्बंधांचेही असेच आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे कारणे पुढीलप्रमाणे :

१) भीती टिकत नाही. पहिला रुग्ण सापडतो तेव्हा गाव थरथरते. शंभरावा सापडतो तेव्हा चहा पिता पिता आकडा वाचला जातो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण उगाच पडलेली नाही. यात निष्ठुरपणा नाही. सतत घाबरून राहणे माणसाच्या शरीराला झेपत नाही.

२) खर्च वाढत जातो आणि तो सारखा वाटला जात नाही. पगारदाराला एकवीस दिवस म्हणजे सक्तीची रजा. हातावर पोट असणाऱ्याला एकवीस दिवस म्हणजे उपास. सलूनवाला, रिक्षावाला, भांडी घासणारी बाई यांची संमती आधी संपते. त्यांना बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे.

३) नियम सगळ्यांना सारखा हवा. आमचे कंपाउंडर वारकरी आहेत. २०२० मध्ये संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा डोळे पुसत ते म्हणाले, "माउलीला कळतंय सगळं." २०२१ मध्ये पुन्हा तसेच ठरले, तेव्हा ते रागावले. "बाजार चालू, दुकानं चालू, मग वारीच का नाही?" वारी नको हे त्यांना पहिल्या वर्षी पटले होते. दुसऱ्या वर्षी फरक का, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली आणि ते सगळी वाट चालले.

४) सल्ला बदलतो आणि बदलाचे कारण सांगितले जात नाही. मार्च २०२० मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे सांगितले गेले. एप्रिलमध्ये प्रत्येकाने घरगुती कापडी मास्क लावावा असे सांगितले गेले. नव्या रोगात माहिती वाढेल तसा सल्ला बदलणारच. पण "काल आम्हाला इतके ठाऊक होते, आज इतके समजले" असे सांगितले नाही, तर लोक त्याला लपवाछपवी समजतात.

५) यश दिसत नाही. टळलेला मृत्यू कोणाला दिसतो? ज्या गावात साथ रोखली गेली त्या गावालाच वाटते की काही नव्हतेच. बंद राहिलेले दुकान मात्र रोज दिसते.

६) आठवण आपला हिशेब नव्याने मांडते. दुःख फार झाले की मन त्याला वेगळ्या कप्प्यात ठेवते. "धाकट्याचं वेगळं," हे शेठजींचे शब्द मला त्यामुळेच विसरता येत नाहीत.

सर्वांत वाईट लक्षण

लोक कुरकुर करतात, भांडतात, निवेदने देतात, याची डॉक्टर म्हणून मला फारशी भीती वाटत नाही. खरे धोक्याचे लक्षण वेगळे आहे. लोक आजार लपवू लागले की समजावे, उपाय चुकू लागला.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये एका वाड्यातील आजोबांना रात्री दवाखान्यात आणले. "वयाचा थकवा आहे," मुलगा म्हणाला. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८२. आठ दिवस ताप होता. मी चिडून विचारले, "इतके दिवस काय केलंत?" मुलगा म्हणाला, "साहेब, दाराला पत्रे ठोकतात. दूधवाला येत नाही. बहिणीचं लग्न ठरलंय." आजोबा तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले.

मुलावर चिडलो खरा, पण घरी येताना एक गोष्ट आठवली. मे महिन्यात त्याच गल्लीतील एका तरुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. नियमाप्रमाणे मी ते वर कळवले. ते माझे कर्तव्यच होते. पण तासाभरात त्याचे नाव, घराचा फोटो गावभर मोबाइलवर फिरत होता. तो कोठून फुटला कोण जाणे. मी त्याबद्दल तेव्हा अवाक्षर काढले नाही. साथ मोठी, तक्रार छोटी असे वाटले. आजोबांच्या घरच्यांनी तो फोटो पाहिलेला होता. आठ दिवस ताप दडवण्याचा धडा त्यांना आपणच दिला होता, आणि "आपण" म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. १८९७ मधले माळ्यावर दडवलेले रोगी आणि २०२० मधले हे आजोबा यांत मला फार अंतर दिसत नाही.

विश्वास लसीच्या बाबतीतही असाच नाजूक असतो. प्लेगची लस तयार करणाऱ्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीची किंमत सगळ्या लसीने मोजली.

काय उपयोगी ठरले, काय नाही

"मग ते सगळं उगाचच होतं का?" या शेठजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायला हवे. सगळे उगाच नव्हते आणि सगळे आवश्यकही नव्हते.

माणसांवर जंतुनाशकाचे फवारे मारणे निरुपयोगी होते, अपायकारकही. भाजी साबणाने धुणे, नोटांना इस्त्री करणे, वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात ठेवणे यांतून फारसे साधले नाही. हा विषाणू मुख्यतः हवेतून, तेही बंद, कोंदट, गर्दीच्या जागेत पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. म्हणून मोकळ्या मैदानावर फिरायला बंदी आणि बंद हॉलमध्ये पन्नास माणसांच्या लग्नाला परवानगी, हे उलटेच झाले.

बंद जागेत नीट बसणारा मास्क, उघड्या खिडक्या, आजारी असताना घरी राहणे आणि लस यांचा मात्र निश्चित उपयोग झाला. मास्कमध्येही फरक होता. एन-९५ चांगला, कापडी साधारण, आणि हनुवटीवरचा कोणताही सारखाच निरुपयोगी. लसीने संसर्ग पूर्ण थांबला नाही. पण गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. पहिल्या टाळेबंदीने तयारीला वेळ मिळाला, हेही खरे. तो वेळ किती वाया गेला, हे एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी धावताना कळले. शेठजींच्या भावाला बेड मिळाला नाही, हे दुःख खरे आहे. पण बेड पुरावेत म्हणूनच तर गर्दी टाळायला सांगत होते. या दोन गोष्टी एकाच हिशेबाच्या आहेत, हे त्यांना आणि इतरांना आम्ही डॉक्टरांनी वेळीच नीट समजावले नाही.

पुढच्या वेळी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथी मात्र येतच राहणार. १९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेग आला, तेव्हा मी इंटर्न होतो. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून रातोरात नाहीशा झाल्या आणि सुरतेहून लाखो लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडले. वर्षभरात सारे विसरले गेले. म्हणून आठवण ताजी आहे तोवर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात :

• निर्बंध कोर्ससारखे असावेत : का, किती दिवस आणि कशावरून थांबवणार हे पहिल्याच दिवशी सांगावे. मुदत वाढवायची तर कारणासह वाढवावी.

• उपाशी पोटी नियम पाळला जात नाही. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देते. साथीत दुकान बंद करायला सांगताना हीच दृष्टी हवी.

• रोग्याचे नाव गावात फिरवू नका, फिरत आलेले पुढे पाठवू नका. आज त्याचे, उद्या तुमचे.

• शेजारी आजारी असेल तर दारात दूध-भाजी ठेवा. ज्या घराला दूध मिळण्याची खात्री असते ते घर ताप लपवत नाही.

• नियम चुकीचा वाटला तर विचारा, भांडा, निवेदन द्या. पण ताप आला तर पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगा.

• डॉक्टरांसाठी एक, आणि ती आधी मला : दवाखाना उघडा ठेवा, आणि माहीत नसेल तेव्हा "अजून माहीत नाही" असे म्हणा.

परवा शेठजी ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का, असे मी विचारले. "बरं वाटत होतं म्हणून आठ दिवस घेतल्या नाहीत," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत तेच हसले. मग बाहेर बाकावर खोकणारी गर्दी पाहून त्यांनी खिशातला रुमाल काढला, क्षणभर हातात धरला, आणि नाकाला लावून आपला नंबर येईपर्यंत दाराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहिले.